अब्राहमाचा सुरा

अब्राहम आणि इसहाकची बायबलमधली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. देव म्हणतो, मुलगा अर्पण कर. बाप सुरा उचलतो, शेवटच्या क्षणी देवदूत अडवतो आणि मुलाऐवजी झुडपात अडकलेला मेंढा बळी जातो. आपला चिलया बाळ आठवा. परीक्षा भयंकर, पण शेवटी पोर जिवंत.

बेंजामिन ब्रिटनच्या 'वॉर रेक्विएम'मध्ये पोर वाचत नाही.

रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना. मोझार्ट, व्हेर्दी वगैरे मंडळींनी तिला चाली लावल्यात. ब्रिटनने काय केलं, तर त्या लॅटिनच्या मधेमधे विल्फ्रेड ओवेनच्या इंग्रजी कविता घातल्या. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला लढताना गेला, वय २५. तार आईच्या हातात पडली ती ११ तारखेला, युद्ध संपलं त्याच दिवशी.

माझ्या मते सगळ्यात जबरदस्त भाग 'ऑफर्टोरियम'. कोरस देवाला आठवण करून देतो, की अब्राहमाला आणि त्याच्या वंशाला तू वचन दिलं होतंस. छान उसळती फ्यूग आहे. मग टेनर आणि बॅरिटोन ओवेनची कविता गातात. देवदूत येतो, मुलाऐवजी गर्वाचा मेंढा काप म्हणतो. म्हातारा ऐकत नाही! मुलाला मारतो आणि मग युरोपची अर्धी पिढी, एकेक करून. ते दोघं शेवटचे शब्द घोळवत राहतात, आणि लांबून लहान मुलांचा कोरस ऑर्गनबरोबर अर्पणाची प्रार्थना म्हणतो. मग तीच फ्यूग परत येते, पण कुजबुजत. वचन तेच, फक्त वंश कापला गेलाय.

गंमत म्हणजे हीच गोष्ट ब्रिटनने १९५२ साली मूळ सुखान्त शेवटासकट केली होती, आणि इथे तेच संगीत परत वापरलंय. कोड रीयूज, पण आउटपुट उलटं.

पहिला प्रयोग झाला ३० मे १९६२ ला, कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये. जुनं १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं होतं. ब्रिटन कट्टर युद्धविरोधी. त्याला गायक हवे होते इंग्लिश पीटर पिअर्स, जर्मन फिशर-डिस्काऊ (हा स्वतः जर्मन सैन्यात होता, युद्धकैदीही झाला) आणि रशियन गालिना विश्नेव्स्काया. सोव्हिएत सरकारने तिला परवानगीच दिली नाही. हेदर हार्परने जेमतेम दहा दिवसांत तिचा भाग बसवला.

जानेवारी १९६३ च्या डेक्का रेकॉर्डिंगला मात्र विश्नेव्स्काया आली. ऐकायचं तर तेच ऐका. ऑफर्टोरियम तिसरा, साधारण दहा मिनिटांचा. हेडफोन लावा, मुलांचा आवाज इतक्या लांबून येतो की साध्या स्पीकरवर हरवतो.