न पटणाऱ्या मताची चिकित्सा: संमतिवयाच्या वादाच्या आधारे

न पटणारे मत कानावर आले की बुद्धी दोन कामे एकदमच उरकू पाहते. मत काय आहे हे समजून घेणे आणि ते चूक ठरवणे. घाई दुसऱ्या कामाची असल्याने पहिले काम दुसऱ्याच्या सोयीने होते. म्हणजे जे खोडायला सोपे जाईल, तेच समोरचा म्हणाला असे आपण धरून चालतो. न्यायशास्त्राने या दोषाला ‘छल’ म्हटले आणि त्याचे तीन प्रकारही सांगितले. बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दांना चिकटवून त्याचे खंडन करणे, हे तिन्हींत समान. मीमांसकांनी यावर रचनेतच उपाय केला. त्यांच्या अधिकरणात विषय मांडल्यावर आधी संशय येतो, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतरच सिद्धान्त. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर सिद्धान्तालाही किंमत राहत नाही, हे त्यात गृहीत आहे.

ही पद्धत कितपत चालते हे पाहायला उदाहरण अवघड हवे. 1891 च्या संमतिवय कायद्याचा वाद तसा आहे. त्यात हरलेल्या पक्षाबद्दल आज कोणाला सहानुभूती नाही. पण त्या पक्षाचे पुण्यातले सर्वांत समर्थ प्रवक्ते बाळ गंगाधर टिळक होते. त्यामुळे मराठी वाचकाला दोन्हीकडून मोह होतो: एक, टिळकांना सनातनी म्हणून निकालात काढण्याचा, दुसरा, लोकमान्य म्हणून पांघरूण घालण्याचा. दोन्हींत विचार टळतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. 1860 च्या दंडसंहितेनुसार दहा वर्षांखालील मुलीशी समागम हा, करणारा तिचा पती असला तरी, बलात्कार ठरत असे. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमामुळे झालेल्या इजेने दगावली. पती हरिमोहन मैती पस्तिशीच्या घरातला. मुलीने दहाची मर्यादा ओलांडलेली असल्याने बलात्काराचा आरोप टिकण्यासारखा नव्हता; त्याला कमी दर्जाच्या गुन्ह्यासाठी एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी 1884 पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते, त्या चळवळीला या घटनेने धार आली. 9 जानेवारी 1891 रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक मांडले आणि 19 मार्चला त्याचा कायदा झाला. वाढ दोनच वर्षांची होती. तिच्यावरून देशभर सभा झाल्या, निषेधाचे अर्ज गेले.

‘टिळकांनी कायद्याला विरोध केला’ हे एक वाक्य आहे, पण तो एक दावा नाही. उकलून पाहिले तर त्यात निदान चार वेगवेगळे दावे गुंफलेले दिसतात आणि प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. पहिला शास्त्रार्थाचा: प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधान संस्कार व्हायला हवा आणि काही मुलींना बाराच्या आतच ऋतू प्राप्त होतो, म्हणून कायदा धर्माचरणाच्या आड येतो. दुसरा अधिकाराचा: 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले आहे, आणि परक्या सरकारला आपल्या घरात शिरू देणे हे पारतंत्र्य वाढवणे आहे. तिसरा परिणामांचा: पोलीस माजघरात येतील, खोट्या फिर्यादी होतील. चौथा मार्गाचा: सुधारणा लोकांच्या मनातून आणि स्वेच्छेने व्हावी, दंडाच्या भीतीने नव्हे.

शास्त्रार्थाला रा. गो. भांडारकरांनी त्याच भूमीवर उभे राहून उत्तर दिले. धर्मग्रंथांची वचने तपासून त्यांनी दाखवले की पहिल्याच ऋतूला गर्भाधान झाले पाहिजे अशी अपरिहार्य आज्ञा शास्त्रात नाही. टिळकांनी त्यांच्या अर्थनिर्णयाशी वाद घातला आणि दोघांचा सामना पंडिती पातळीवर रंगला. ‘सुधारक’कार आगरकरांना हा सामनाच गैरलागू वाटत होता. मुलीच्या शरीराला इजा होते की नाही, हा प्रश्न स्मृतिवचनांवर का सोडवायचा?

येथे चिकित्सेच्या पद्धतीतला एक खरा पेच आहे आणि तो आजही सुटलेला नाही. प्रतिपक्षाची गृहीते मान्य करून त्याला हरवले तर त्याचे अनुयायी ऐकतात. भांडारकरांचे म्हणणे जितक्या शास्त्र्यांना विचारात घ्यावे लागले, तितक्यांना आगरकरांचे घ्यावे लागले नाही. पण त्या मार्गाची किंमत मोठी आहे. शास्त्राचे न्यायासन आपण मान्य केलेले असते. उद्या विरुद्ध अर्थाचे अधिक बळकट वचन सापडले तर? मग मुलीने सोसावे काय? माझ्या मते भांडारकरांचे उत्तर उपयोगी होते आणि आगरकरांचे बरोबर. ही दोन विशेषणे एकच मानली की गोंधळ सुरू होतो.

तिसऱ्या दाव्याकडे सुधारकांनी तुच्छतेने पाहिले असले तरी तो पोकळ नव्हता, कारण खुद्द सरकारनेच त्याची दखल घेतली. पती आरोपी असेल तर खटल्याची दखल फक्त मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेटने घ्यावी आणि तपास इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या पोलिसाकडे देऊ नये, असे बंधन घालण्यात आले. म्हणजे आक्षेपात तथ्य होते. मात्र त्या तथ्याचा एक परिणाम असाही झाला की कायदा वापरणे कठीण होऊन बसले. आक्षेपार्ह मतातला खरा अंश मान्य करावा, पण तो मान्य करताना त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर जाते तेही पाहावे.

आता दुसरा आणि चौथा दावा. टिळकांच्या भूमिकेचे खरे बळ येथे आहे, आणि दुबळेपणाही. ते बालविवाहाचे समर्थक होते असे सरसकट म्हणता येत नाही. 1890 मध्ये त्यांनीच काही प्रतिज्ञा सुचवल्या होत्या: मुलीचे लग्न सोळा आणि मुलाचे वीस वर्षांपूर्वी करू नये, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये, आणि ज्यांना हे पटते त्यांनी स्वतःला आधी बांधून घ्यावे. बारा वर्षांच्या कायद्याला विरोध करणारा माणूस सोळाची प्रतिज्ञा सुचवतो, ही विसंगती नाही. त्याचा आक्षेप वयाला नसून वय ठरवणाऱ्याला आहे. हे ध्यानात न घेता त्यांना दिलेले उत्तर म्हणजे दुसऱ्याच कोणाला दिलेले उत्तर होय.

इतके न्याय्य झाल्यावर मग प्रश्न विचारता येतो आणि तो अधिक खोल लागतो. समाज स्वेच्छेने बदलेपर्यंत, किंवा स्वतःचे सरकार येईपर्यंत, दहा-अकरा वर्षांच्या मुलींचे काय? टिळकांच्या मांडणीत याला उत्तर नाही. प्रतिज्ञा घेणाऱ्याच्या घरातली मुलगी सुरक्षित होईल. न घेणाऱ्याच्या घरातली मुलगी कोणाकडे पाहील? प्रतिपक्ष सर्वांत बळकट रूपात मांडल्यामुळेच त्याची ही मोकळी बाजू उघडी पडते. ‘टिळक ढोंगी होते’ म्हणणाऱ्याला ती कधी दिसत नाही. हेतूवर बोट ठेवले की युक्तिवाद तपासायचे राहून जाते. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या पुणेकरांनी तरी त्यांच्या कोणत्या मुद्द्याला उत्तर दिले?

न्याय्यतेचा अर्थ मध्यबिंदू गाठणे असा मात्र नव्हे. दहा आणि बारा यांच्यामध्ये अकरा येतात, पण त्या आकड्यामागे कोणतेही कारण नाही. दोन्ही बाजू पूर्ण ऐकून घेतल्यावर एक बाजू साफ चूक ठरू शकते. प्रत्येक वादाला समान सौजन्य देणेही लागत नाही. कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी काटेरी कुंपण घालावे तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प (केवळ जिंकण्यासाठी घातलेला वाद) आणि वितंडा (स्वतःचे मत न मांडता केलेले खंडन) यांचाही उपयोग करावा, असे न्यायसूत्रच सांगते. समोरच्याला सत्याशी कर्तव्यच नसेल तर त्याच्यापुढे वाद मांडणे व्यर्थ आहे. फक्त तसा निष्कर्ष पहिल्या वाक्यालाच काढू नये.

या सगळ्या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती शास्त्रकारांनी सांगितलेली नाही. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही मांडणारे एकाच पंगतीतले असले तर तिसऱ्याचे म्हणणे कोणत्याच पक्षात येत नाही. संमतिवयाच्या वादात शास्त्री, संपादक, वकील, न्यायमूर्ती बोलले. ज्यांच्या शरीराविषयी वाद होता, त्यांचा आवाज अपवादानेच ऐकू आला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्येच छापले गेले होते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने पत्रे लिहून बालविवाहाने मुलीचे शिक्षण आणि मन कसे मारले जाते ते सांगितले. पतीकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल 1887 मध्ये आल्यावर त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. हाही एक युक्तिवादच होता आणि तो पुण्याच्या वर्तमानपत्रांतल्या चर्चेपेक्षा स्पष्ट होता. तटस्थपणे सर्व बाजू तोलणे ज्याला काही गमवायचे नाही त्याला सोपे जाते. ज्याला गमवायचे आहे त्याची साक्ष आधी घ्यावी, असा नियम मी मीमांसेच्या क्रमात संशयाच्याही आधी घालीन.

वाद संपला असे समजू नये. पत्नीच्या बाबतीतली वयाची मर्यादा 1925 मध्ये तेरा, 1949 मध्ये पंधरा आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अठरा झाली. अठरा पूर्ण केलेल्या पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. ही सूट ठेवावी म्हणणारे आज सांगतात की घरात पोलीस येतील, खोट्या फिर्यादी होतील, कुटुंब मोडेल. त्यांचे म्हणणे वरच्या चार दाव्यांपैकी कोणते आहे, त्यात किती तथ्य आहे आणि त्याचे ओझे कोण वाहील, हे वाचकांनी स्वतः तपासावे. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे याच प्रश्नावर एकमत झाले नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले.