थंड हवा आणि ओझं

परवा रविवारी धाकट्याचा झुरिकहून व्हिडिओ कॉल आला. मंडळी चार दिवस दावोसला स्कीइंगला जाऊन आली होती. नातीनं हेल्मेट, तो डोळ्यांवरचा भलामोठा चष्मा, हातमोजे सगळं घालून दाखवलं. आपण किती वेळा पडलो ते अगदी अभिमानानं सांगितलं. हॉटेलचं बिल किती झालं ते सूनबाईनं सांगितलं नाही, पण धाकट्याचा चेहरा बघून मला अंदाज आला!

मी आपलं मास्तरीण असल्यासारखं विचारलं, "अगं, घसरत खाली येतेस ते ठीक. पण वर कशी जातेस?"

"आजी, लिफ्ट असते ना! खुर्ची येते, आपण बसायचं. ती आपोआप वर नेते."

मग तिनंच विचारलं, "तू लहानपणी सुट्टीत कुठल्या डोंगरावर जायचीस?"

काय सांगणार? आमचा जन्म पनवेलचा. घराच्या गच्चीवरून पूर्वेला प्रबळगड दिसायचा, त्याच्या मागे माथेरानचा लांबलचक सपाट माथा. (आता मधे इमारती आल्या.) डोंगर रोज बघायचो, पण सुट्टीला डोंगरावर जायचं असतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सुट्टी म्हणजे आजोळ, आंबे आणि पापड वाळवणं. तिला मी "एकदा गेले होते माथेरानला" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. पण तिची ती आपोआप वर नेणारी खुर्ची काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसले.

आधी दावोसबद्दल वाचून काढलं. आपल्याला हे गाव जगभरच्या धनवंतांच्या जानेवारीतल्या बैठकीमुळे माहीत. पण त्याची सुरुवात झाली ती आजाऱ्यांपासून. अलेक्झांडर स्पेंगलर नावाचा एक डॉक्टर, राजकारणामुळे जर्मनीतून परागंदा झालेला, १८५३ साली तिथे आला. इथल्या शेतकऱ्यांना क्षय होत नाही असं त्याच्या लक्षात आलं. १८६५च्या हिवाळ्यात पहिले क्षयरोगी तिथे हवा खायला राहिले, आणि गावाचं नशीबच पालटलं. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल आपल्या आजारी बायकोला घेऊन तिथे राहिला होता. १८९४ साली त्यानं डोंगर ओलांडून दावोसहून शेजारच्या अरोझा गावापर्यंत स्कीवरून मजल मारली आणि त्यावर मासिकात लेखही लिहिला. गंमत म्हणजे त्याला वाट दाखवायला होते दावोसचेच ब्रांगर नावाचे दोघे भाऊ. तेव्हा वर जायचं म्हणजे आपल्या पायांनीच. माणसाला आकड्याला अडकवून उतारावरून वर ओढणारं यंत्र दावोसला १९३४ साली बसलं. नातीच्या खुर्चीची ही पणजी म्हणायची.

आता आमचं माथेरान. त्याचा शोध १८५० साली लागला असं आपण मुलांना शिकवतो. मीही तीस-बत्तीस वर्षं तेच शिकवलं. मे महिना, ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम चौक गावी. एका दुपारी साहेब सहज म्हणून डोंगर चढले, वरची गर्द झाडी आणि गार वारा बघून खूश झाले. नोव्हेंबरात परत आले, राहिले, पायवाटा काढल्या, घर बांधलं. पुढे १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि गावाची नीट आखणी सुरू झाली. झालं! "शोध लागला." वर धनगरांचे वाडे होते, उतारावर ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण त्यांना काही डोंगराचा शोध लागला नव्हता म्हणे. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, हे नाव तरी साहेबानं ठेवलेलं नाही.

साहेब चौकलाच का उतरले, याचं उत्तर आमच्या पनवेलमध्ये आहे. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस तेव्हा होडीनं पनवेल बंदरात उतरायचा. तिथून चौक, खोपोली आणि बोरघाट. घाटातला गाडीरस्ता १८३० साली झाला होता, त्यामुळे पनवेलला भारी वर्दळ होती. चौक याच रस्त्यावरचं गाव. म्हणजे माथेरानचं पहिलं दार आमच्या बाजूचं! पण १८५६ साली कल्याणहून रेल्वे खोपोलीपर्यंत गेली, ती नेरळवरून. माथेरानचं दार डोंगराच्या पलीकडे गेलं, आणि १८६३ साली घाटातून रेल्वे पुण्याला पोचल्यावर आमचं बंदरही हळूहळू ओस पडलं. पनवेलला रेल्वे दिसायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ते म्हणायचे, आगगाडीनं आपल्या गावाला वळसा घातला. हे वाक्य त्यांच्याही वडिलांचं असणार.

असो. नेरळला आगगाडीतून उतरलं तरी पुढे सगळा चढच. माथेरानची उंची सुमारे आठशे मीटर. मडमा पालखीत नाहीतर खुर्चीत बसून जायच्या, साहेब घोड्यावर, आणि ट्रंका, वळकट्या, भांडीकुंडी, बाजाराचं सामान सगळं माणसांच्या डोक्यावर. त्या काळच्या वर्णनांत बंगल्यांची नावं आहेत, झऱ्यांना साहेबांची नावं आहेत (मॅलेटचा झरा, हॅरिसनचा झरा), पॉइंटांना साहेब-मडमांची नावं आहेत. मडमेचं वजन खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांची नावं असायचं कारणच नव्हतं.

मग छोट्या गाडीची गोष्ट येते. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरा व्यापारी. ते एकदा नेरळला आले तर वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, तेव्हा त्यांनी ठरवलं की इथे रेल्वे आणीन, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, गाडी खरी आहे. १९०४ ते १९०७ या काळात त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हे काम तडीला नेलं. दोन फुटांचा रूळ, वीस-एकवीस किलोमीटरची नागमोडी वाट, खर्च सोळा लाख रुपये, तोही त्या काळचे! २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. सरकारनं नाही, एका भारतीय व्यापाऱ्यानं पदरच्या पैशानं डोंगरावर रेल्वे नेली, याचं मला फार कौतुक वाटतं. दावोसच्या त्या यंत्राच्या सत्तावीस वर्षं आधी.

पण स्टेशनच्या पुढचं ओझं उरलंच. मोटारींना माथेरानात बंदी असल्यामुळे त्या दस्तुरी नाक्याला थांबतात. हवा चांगली राहिली ती त्यामुळेच. २००३ साली सरकारनं तो सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेही योग्यच झालं. फक्त मोटार नाही म्हटलं की पुढची पायरी घोडा, आणि घोडा नको असेल तर माणूस. हातरिक्षा तुम्ही पाहिली असेल. एक जण पुढून ओढतो, चढावर दोघे मागून ढकलतात.

आणि हे ओझं वाहणारे कितीतरी जण आमच्या पनवेल तालुक्यातले. हे पुष्कळ पनवेलकरांनाही ठाऊक नसतं. आपली गाढी नदी उगम पावते ती माथेरानच्या डोंगरात. तिच्या काठानं गाढेश्वर, देहरंगचं धरण (शहराला पाणी येतं ते) मागे टाकून एस.टी. धोदाणीला जाते, तिथे रस्ता संपतो. पुढे पायवाट थेट माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढते. धोदाणी आणि आसपासच्या वाड्यांतली ठाकर मंडळी भाज्या, दूध, रानमेवा घेऊन ही वाट चढायची. वर हमाली, हॉटेलातली कामं करायची आणि संध्याकाळी उतरायची. आमच्या लहानपणी एक ठाकरीण आजी करवंदं घेऊन दारावर यायची. आई घासाघीस करायला लागली की ती म्हणायची, "वर नेली असती तर दोन पैसे जास्त आले असते." वर म्हणजे माथेरानला. मला तेव्हा वाटायचं, ही देवाघरच्याच गोष्टी करते की काय!

आता ती सहल. १९८४ सालचा डिसेंबर. आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही तीन शिक्षक निघालो. एस.टी.नं कर्जत, तिथून लोकलनं नेरळ आणि मग छोटी गाडी. गाडी वळणं घेत होती तेव्हा मी मुलांना भाई कोतवालांची गोष्ट सांगत होते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचाच, १९१२ सालचा, नाभिक कुटुंबातला. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या, शाळा काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झाले. ज्या गावात मोठ्या लोकांची सेवा करणं हेच काम, त्या गावातून असा माणूस निघाला, असं मी मोठ्या आवाजात सांगितलं. मुलं अगदी गप्प होऊन ऐकत होती. मला माझंच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

स्टेशनवर उतरलो. पुऱ्यांचे डबे, दोन मोठी पातेली, सतरंज्या असं बरंच सामान होतं. एक हमाल पुढे आला. काळासावळा, चाळिशीचा. मुक्कामाच्या जागेपर्यंत न्यायचे बारा रुपये म्हणाला. मी म्हटलं आठ. सहलीचा हिशोब माझ्याकडे होता, एकेक रुपया वहीत लिहायचा होता. तो दहावर आला, मी आठवरून हलले नाही. शेवटी "बरं" म्हणून त्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली.

ओझं उचलून तो वळला तेव्हा आमच्यातला एक मुलगा रांग सोडून पुढे गेला. पनवेलला मावशीकडे राहून शिकणारा, अबोल, गणितात हुशार. त्यानं त्या माणसाच्या हातातला खालचा डबा आपल्या हातात घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे माझे बाबा."

बस, एवढंच. ना आवाज चढवला, ना मान खाली घातली. दोघं पुढे चालायला लागले. मागे आम्ही सगळे. मुलं आपापसात कुजबुजत होती. मी काय बोलावं तेच मला सुचेना. मुक्कामी पोचल्यावर मी पर्समधून बारा रुपये काढून दिले. त्यानं मोजले, चार परत केले. म्हणाला, "ठरलं तेवढंच द्या बाई. पोराला नीट शिकवा." वहीत मी आठ रुपये लिहिले.

त्या मुलाशी याबद्दल मी पुढे कधी बोलले नाही. तो दहावी झाला आणि नंतर कुठे गेला मला कळलं नाही. ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. ताई, तूसुद्धा आज पहिल्यांदाच वाचत असशील.

नंतरच्या काळात त्या डोंगराच्या बातम्याच येत राहिल्या. २६ जुलै २००५च्या पावसात छोट्या गाडीचे रूळ वाहून गेले, त्याच दिवशी गाढीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं होतं. गाडी २००७ साली, शंभरीच्या वर्षी, परत सुरू झाली. पुढे अपघात आणि पाऊस यांमुळे बंद पडत पडत ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून पुन्हा धावू लागली. १९ जुलै २०२३च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. वर जायला रस्ता नव्हता, मदतीला गेलेली माणसं पायवाटेनं चढली. मॅलेटसाहेब ज्या गावातून हवा खायला निघाले, त्याच गावाच्या माथ्यावरची ही वाडी.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्याव्यात, असंही सांगितलं. ई-रिक्षांसाठी इतकी वर्षं न्यायालयात झगडणाऱ्यांमध्ये माथेरानचे एक निवृत्त शिक्षक होते. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ ते आठ रुपये आठवत बसले. आम्ही दोघंही शिक्षक, एवढंच मनात आलं.

हे सगळं काल रात्री नातीला फोनवर सांगितलं. तिला समजेल तेवढं. मे महिन्यात मंडळी येणार आहेत, माथेरानला जायचं ठरतंय. धाकटा छोट्या गाडीची तिकिटं कशी काढायची ते बघतोय. नात म्हणते गाडीनं नको, त्या धोदाणीच्या वाटेनं चढू, तिथे लिफ्ट नाही ना? मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, आजी तूही चल. माझे गुडघे काही चढू द्यायचे नाहीत, पण एस.टी. जिथे थांबते तिथपर्यंत मी येईन म्हटलंय. तिथे एखादी चहाची टपरी असेलच. वर त्या काळी हमाली करणारं कुणी ओळखीचं निघतं का, तेही विचारून बघीन.