उसन्या शब्दांपासून स्वभाषेपर्यंत

आशियांतील तरुण गायकांचे मेळे आज देशोदेशींचीं अफाट क्रीडांगणें भरून टाकतात. हें वैभव एका रात्रींत आलेलें नाहीं.

१९५० सालीं कोरियन युद्ध पेटलें आणि सोल शहराची राखरांगोळी झाली. संगीतकार किम हे-सोंग यांना उत्तर कोरियाच्या सैन्यानें धरून नेलें. मागें राहिली त्यांची पत्नी, विख्यात गायिका ई नान-योंग, आणि पदरीं सात मुलें. या माउलीनें आपल्या दोन मुली व एक भाची यांना गाणें शिकवून अमेरिकन सैनिकांपुढें उभें केलें. मुलींना इंग्रजीचा गंध नव्हता. शब्द केवळ उच्चारावरून पाठ केलेले. बिदागी म्हणून मद्याच्या बाटल्या मिळत. त्या देऊन घरांत धान्य येई. १९५९ सालीं या ‘किम सिस्टर्स’ अमेरिकेंत लास वेगासला गेल्या आणि तेथें नांवारूपास आल्या.

त्यानंतर साठ वर्षांनीं, १ व २ जून २०१९ रोजीं, ‘बीटीएस’ या सात कोरियन तरुणांच्या मेळ्यानें लंडनचें वेम्बली क्रीडांगण दोन रात्री गाजविलें. दोन्ही रात्रींचे मिळून प्रेक्षक १,००,००० हून अधिक! गाणीं बहुतांशीं कोरियन. आणि या खेपेस परभाषेंतील शब्द पाठ करून आले होते ते प्रेक्षक.

दौऱ्यांच्या झगमगाटानें आपले डोळे दिपतात. परंतु त्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास पहिलें पान त्या तीन मुलींनाच द्यावें लागेल.