चालते मूल, वाडा आणि मंडई

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईचा इतिहास बहुधा इमारतीचा, नगरपालिकेतील वादांचा किंवा गणेशोत्सवाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या बाजाराच्या आधाराने ज्या घरांचा संसार चालला, त्या घरांतील दीड ते चार वर्षांच्या मुलाचा, म्हणजे जे चालू-बोलू लागले आहे आणि प्रत्येक गोष्ट आपल्याच हाताने करण्याचा हट्ट धरू लागले आहे अशा मुलाचा, त्यात क्वचितच उल्लेख येतो. यात नवल नाही, कारण एवढे मूल दप्तरात नोंद मागे ठेवत नाही आणि त्याच्यामागे धावणाऱ्या बायकांनाही लिहायला सवड नव्हती. तरीही वाड्यांची रचना, मुलांच्या अंगावरचे दागिने, सणवार आणि बाजारात विकली जाणारी खेळणी यांवरून त्याच्या दिनक्रमाचे चित्र बऱ्याच अंशी उभे करता येते. आणि ते पाहिले म्हणजे लहान मुलाला स्वतःचे स्वतः करू देण्याची कल्पना आधुनिक बालमानसशास्त्राबरोबर आली, हा समज टिकत नाही. त्या स्वातंत्र्याची सोय जुन्या पेठांनी जागेत आणि माणसांत करून ठेवलेली होती.

शुक्रवार पेठ नानासाहेब पेशव्यांच्या काळात जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसवली. तिच्यातील आणि शेजारच्या पेठांतील वाड्याचा ठरावीक आराखडा असा: रस्त्याकडे मोठा दरवाजा आणि त्याच्या एका फळीत माणसाने वाकून जाण्यापुरता दिंडी दरवाजा, आत पहारेकऱ्याची देवडी, मग उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, म्हणजे खांबांवर पेललेली एका बाजूने उघडी पडवी, आणि तिच्या आत माजघर व स्वयंपाकघर. या आराखड्याचे वर्णन करणारे अभ्यासक सुरक्षितता, पाणी आणि हवा यांचा विचार करतात, पण दुडदुडणाऱ्या मुलाच्या उंचीवरून पाहिले तर हाच आराखडा उंबरठ्यांची एक उतरंड ठरतो. माजघराचा उंबरठा रांगत्या मुलाला थोपवतो, ओसरीची पायरी नुकत्याच चालू लागलेल्याला थोपवते, आणि दिंडीचा उंच उंबरठा ओलांडता येईपर्यंत मूल तीन-चार वर्षांचे झालेले असते. म्हणजे कोणी 'नको' न म्हणता मुलाचा मुलूख त्याच्या ताकदीबरोबर वाढत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वाड्यांत भाडेकरूंची बिऱ्हाडे आली, तेव्हा चौकावर नजर ठेवणारे डोळेही वाढले. धान्य निवडणारी आजी, धुणे धुणारी शेजारीण, ओसरीवर वाचत बसलेला विद्यार्थी यांपैकी कोणाचे ना कोणाचे लक्ष असेच. धोका होता तो मुख्यतः आडाचा आणि हौदाचा. कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळांनी शहरात पाणी आणण्याची पेशवेकालीन योजना हौदांवरच उभी होती, त्यामुळे काही वाड्यांच्या चौकांत खोल पाणी कायम असे. मुलाच्या पायांतील वाळे, म्हणजे बारीक घुंगरांचे चांदीचे तोडे, केवळ हौसेचे नव्हते. ते कोणत्या बाजूला वाजतात आणि कधी वाजेनासे होतात, याकडे घरातल्या बाईचा कान असे.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची किंमत कोणी भरली हे सांगणे भाग आहे. मूल कडेवर घेऊन हिंडणारी सहा-सात वर्षांची थोरली बहीण हा त्या व्यवस्थेचा कणा होता, आणि तिची शाळा त्यासाठीच बुडे किंवा सुरूच होत नसे. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पहिल्या वर्षातच दगावत, आणि त्यातून निभावलेल्या मुलाला देवी, गोवर, हगवण यांचे भय पुढेही असे. करदोडा, गालावरची काजळाची तीट, मीठमोहऱ्यांनी काढलेली दृष्ट या उपचारांकडे आज गंमत म्हणून पाहिले जाते, परंतु चालू लागलेले मूल जगेलच अशी खात्री नसलेल्या घरांत त्यांचा अर्थ वेगळा होता.

मंडईची इमारत या वस्तीत उशिरा आली. तोपर्यंत भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने खासगीवाल्यांच्या जागेवर बंदिस्त बाजार बांधला. त्याचा आराखडा वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे, आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते उद्घाटन होऊन मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने तो 'रे मार्केट' म्हणून ओळखला जाऊ लागला. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना निघालेल्या ओवऱ्या ही त्याची रचना. १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी या खर्चिक बांधकामाला विरोध केला होता, कारण तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले, हा योगायोग पुणेकरांना शोभणाराच आहे. याच फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, म्हणजे ज्या विधवांना बाळंतपण लपवावे लागे त्यांच्यासाठी आसरा. आणि अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, दत्तक घेऊन आपल्या घरात वाढवले होते. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, त्या मागणीत धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या थोरल्या मुलीचीही सुटका होती, असे म्हणता येईल.

बाजाराच्या आत वाढणाऱ्या मुलाचे जग वाड्यापेक्षा वेगळे होते. माळी, कुणबी, बागवान अशा समाजांतील बायका गाळ्यावर बसत, तेव्हा तान्हे मूल जवळच झोळीत आणि चालते मूल पाट्यांच्या मधल्या जागेत असे. इथे उंबरठा नव्हता, दोन्ही बाजूंना ओळखीचे गाळे मात्र होते, आणि ओवरीतले प्रत्येक माणूस काका किंवा मावशी. वाड्यातले मूल भाताचा घास स्वतः खाण्यासाठी हट्ट करी, त्याच वयाचे गाळ्यावरचे मूल लसूण सोलण्याची नक्कल करीत कामाला हात लावी. श्रम आणि खेळ यांच्यातली रेघ त्या वयात पुसट असते हे शिक्षणतज्ज्ञांनी नंतर सिद्धान्त म्हणून मांडले. गाळ्यावर ती पुसट असण्याला गरिबीचेही कारण होते, हे सिद्धान्तात येत नाही.

मंडई आणि घरातले चालते मूल यांची सर्वांत ठळक गाठ पडते ती बोरन्हाणात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत पाच वर्षांच्या आतील मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे, म्हणजे साखरेचा पाक चढवून काटे फुलवलेल्या तिळा-खसखशीचे, दागिने घालून पाटावर बसवतात, त्याला ओवाळतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, चुरमुरे, रेवड्या यांचे मिश्रण ओततात. जमलेली मुले त्यावर तुटून पडतात. सोहळ्याचे बहुतेक साहित्य पौष-माघातल्या भाजीबाजाराचेच आहे, आणि म्हणूनच त्या आठवड्यांत मंडईभोवती बोरांच्या पाट्या व उसाचे भारे दिसतात. ऋतू बदलताना मुलाला बाधा होऊ नये हा सांगितला जाणारा हेतू. पण विधीची खरी गंमत अशी की जे मूल एरवी सांडू नको, उचलू नको, तोंडात घालू नको असे ऐकत असते, त्याच्यासमोर त्या दिवशी मोठी माणसे आपण होऊन सांडतात. पुष्कळ मुले या प्रकाराला घाबरून रडतात, आणि तेही विधीचाच भाग असल्यासारखे सर्व जण धरून चालतात.

मंडईला लागून असलेली तुळशीबाग ही या वयाची दुसरी बाजारपेठ. नारो आप्पाजी खिरे तथा तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या राममंदिराभोवती पितळी भांडी, पूजेचे साहित्य आणि बायकांच्या वापराच्या वस्तू यांची दुकाने वाढत गेली, आणि त्यांतच भातुकली, म्हणजे चूल, जाते, पोळपाट-लाटणे, बंब, पातेली यांच्या बोटभर प्रतिकृती, मिळू लागली. पांगुळगाडा हे मात्र खेळण्यापेक्षा साधन अधिक. तीन लाकडी चाकांवर बसवलेला चौकटीसारखा हा गाडा उभ्याने दोन्ही हातांनी धरून मूल ढकलते आणि त्याच्या मागोमाग पाऊल टाकते. लेथसारख्या यंत्रावर लाकूड फिरवून वस्तू घडवणाऱ्या कारागिराला कातारी म्हणतात; पाळण्याचे खांब, खुळखुळे, लाटणी या वस्तू त्याच्या हातच्या, आणि लाखेचे तांबडे-पिवळे रंग चढवण्याच्या कलेसाठी सावंतवाडीची चितार आळी प्रसिद्ध आहे. ज्या शुक्रवार पेठेत हा संसार चालला, तिथेच दिनकर गंगाधर केळकर यांनी घरगुती वापराच्या हजारो वस्तू जमवून उभे केलेले संग्रहालय आहे, आणि ते त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ओळखले जाते.

मूल स्वतः करते तेव्हाच शिकते हे तत्त्व पद्धत म्हणून महाराष्ट्रात आले ते ताराबाई मोडक यांच्यामुळे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये याच तत्त्वावर बालगृह उघडले. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करणाऱ्या ताराबाईंनी १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाद्वारे तो विचार आपल्याकडे रुजवला, आणि बोर्डी व कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, माती वापरून बालवाडी अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी अंगणवाडी योजनेमागे हा अनुभव होता. मध्यमवर्गीय पुण्यात मात्र हा विचार पोचेपर्यंत वाडा मोडकळीस येऊ लागला होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना. १९७० च्या सदनिका मालकी कायद्यानंतर वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा वेग वाढला, आणि चौकाची जागा वाहनतळाने घेतली. उंबरठ्याची उतरंड जाऊन एकच दार उरले, ज्याच्या आत सर्व मोकळे आणि बाहेर जिना.

ढकलण्याच्या गाड्याऐवजी मुलाला आत बसवण्याचे चाकांचे प्लास्टिक वॉकर याच काळात घरोघरी आले. त्यात बसलेले मूल स्वतःच्या तोलापेक्षा वेगाने सरकते आणि जिन्यापर्यंत पोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि भारतातील बालरोगतज्ज्ञही त्यांच्या वापराविरुद्ध सल्ला देतात. पांगुळगाड्याला आधी उभे राहता यावे लागते, आणि तोल गेला की मूल जागीच बसते, त्यामुळे त्याचा वेग मुलाच्या पायांपेक्षा फारसा वाढत नाही. अर्थात उघड्या जिन्याच्या तोंडाशी तोही सुरक्षित नाही. तो बनला तेव्हा त्याच्यापुढे ओसरी होती आणि ओसरीवर कोणीतरी बसलेले असे.