दुहेरी फ्लशची टाकी आणि गळतीचा प्रश्न : ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील अनुभवाचा विचार

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहिताना त्याच्या शोधाची तिथी व शोधकाचे नाव यांवर भर देण्याचा प्रघात आहे. यंत्र वापरात आल्यावर ते कोठे बिघडते, तो बिघाड कोणाच्या ध्यानी येतो आणि त्याचा खर्च कोणावर पडतो, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. शौचकूपातील दुहेरी फ्लशची टाकी हे या उपेक्षेचे बोलके उदाहरण होय. पाण्याची बचत करण्यासाठी निर्माण झालेले हे साधन पुढे काही घरांत पाण्याच्या अपव्ययाचे कारण ठरले. हे कसे घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१. सायफनचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये जलप्रवाही शौचकूपांचा प्रसार झपाट्याने झाला. त्या काळच्या अनेक टाक्यांच्या तळाशी झडप असे. झडप नीट बसली नाही किंवा साखळी अडकवून ठेवली, तर पाणी अखंड वाहत राही. पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्यांना हे नुकसान असह्य झाले. १८७१ च्या महानगर जलपुरवठा कायद्यान्वये नियमांची जी परंपरा सुरू झाली, तिच्यात अपव्यय रोखणारी टाकी अनिवार्य ठरली आणि एका वेळी सुमारे दोन गॅलन, म्हणजे नऊ लिटर, पाणी ही मर्यादा रूढ झाली.

या गरजेतून सायफनच्या टाकीला प्रतिष्ठा मिळाली. सायफनमध्ये पाणी बाहेर जाण्याची वाट टाकीतील पातळीच्या वरून वळून जाते. दांडा दाबला की आतील तबकडी थोडे पाणी वर उचलून त्या वळणापलीकडे ढकलते. मग उरलेले पाणी आपोआप खेचले जाते व हवा शिरताच प्रवाह थांबतो. तळाशी उघडझाप करणारे भोकच नसल्यामुळे झिजून गळण्यासारखे तेथे काही राहत नाही. आल्बर्ट गिब्लिन याच्या १८९८ च्या एकस्वातील टाकीच्या नावातच ती 'झडपविरहित' असल्याचा निर्देश आहे. झडपेचा अभाव हाच त्या काळी गुण मानला जात होता, याचा हा पुरावाच समजावा.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सायफनची तबकडी फाटली, तर दांडा दोनतीनदा दाबूनही पाणी सुटत नाही. घरातील माणसे त्रासतात आणि दुरुस्ती त्वरित होते. झडप बिघडली, तर पाणी सुटण्यात काहीच उणे पडत नाही. केवळ गळती सुरू होते. पहिला बिघाड तक्रार करतो. दुसरा मूक राहतो.

२. ऑस्ट्रेलियातील प्रयोग

दुहेरी फ्लशचे व्यवहार्य रूप १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅरोमा या कंपनीत सिद्ध झाले. त्याचे श्रेय ब्रूस थॉम्प्सन यांना दिले जाते. अवर्षणाची सवय असलेल्या या देशात एका फ्लशला अकरा लिटर पाणी खर्च होत असे. लघवीनंतर इतके पाणी सोडण्याचे प्रयोजन नाही, हा विचार साधा होता. दोन बटणे ठेवून एकाने अकरा व दुसऱ्याने साडेपाच लिटर पाणी सोडण्याची योजना झाली. पुढे हे प्रमाण नऊ व साडेचार, नंतर सहा व तीन लिटर इतके उतरले.

ही घट केवळ टाकी लहान करून साधली नाही. थोडे पाणी पुरेसे ठरावे म्हणून शौचपात्राच्या तळाचा व वळणाचा आकारही बदलावा लागला. जुन्या पात्रावर नवी टाकी बसविली की पात्र स्वच्छ होत नाही, बटण दोनदा दाबावे लागते आणि बचत तेथेच संपते. टाकी व पात्र यांना एकच यंत्र मानणे हा ऑस्ट्रेलियन अनुभवाचा मुख्य धडा होय.

३. झडपेचे पुनरागमन

ब्रिटनमध्ये १९९३ पासून नव्या शौचकूपांसाठी साडेसात लिटरची मर्यादा आली. त्यानंतर १९९९ च्या जलजोडणी नियमांनी मोठा पालट घडविला. १ जानेवारी २००१ पासून नव्या शौचकूपांना सहा लिटरची कमाल मर्यादा लागू झाली, लहान फ्लश मोठ्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक नसावा असे ठरले आणि शतकाहून अधिक काळ दूर ठेवलेल्या झडपेला पुन्हा प्रवेश मिळाला. त्याच नियमांनी टाकीचे जादा पाणी आतल्या नळीने थेट पात्रात सोडण्यासही मुभा दिली. पूर्वी हे पाणी भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून ठिबके आणि शेजाऱ्याच्याही नजरेस पडे. ती खूण नाहीशी झाल्यामुळे गळती दुहेरी अर्थाने अदृश्य झाली.

परिणाम यथावकाश दिसून आला. गळक्या शौचकूपातून दिवसाला दोनशे ते चारशे लिटर पाणी वाया जाते, असा 'वॉटरवाइज' या ब्रिटिश संस्थेचा अंदाज आहे. दुहेरी फ्लशमुळे वाचते त्याहून अधिक पाणी गळतीत जात असावे, अशी चर्चा २०२० मध्ये तेथील वृत्तपत्रांतही झाली. उदाहरणादाखल, एका कुटुंबात दिवसाला सोळा वेळा लहान फ्लश वापरला व प्रत्येक वेळी तीन लिटर वाचले असे धरले, तर बचत अठ्ठेचाळीस लिटर होते. दोनशे लिटरची एका दिवसाची गळती अशी चार दिवसांची बचत गिळून टाकते.

४. दोष व उपाय

दोषांची कारणे मोजकीच आहेत. झडपेखालच्या रबरी वॉशरवर क्षार किंवा कचरा साचतो. वॉशर कडक होतो. बटणाची दांडी अधिक लांब राहिल्यास झडप पूर्ण खाली बसत नाही. किंवा पाणी भरणारा कॉक वेळेवर बंद न झाल्याने पाणी आतल्या नळीतून वाहून जाते. परीक्षाही सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग घालून अर्धा तास फ्लश वापरू नये. पात्रात रंग उतरला, तर झडप किंवा वॉशर सदोष आहे, अथवा पातळी वाढून पाणी आतल्या नळीत जात आहे. झाकण काढून पातळी पाहिली की यांतील कारण कळते. पातळी नळीच्या तोंडाशी असल्यास कॉकचा तरंगता भाग खाली घ्यावा. एरवी पाणी बंद करून झडप काढावी, बैठक पुसावी, वॉशर बदलावा आणि दांडीची लांबी जुळवावी. वॉशरची किंमत अल्प असते, दुर्लक्षाची मोठी.

५. निष्कर्ष

या इतिहासावरून दुहेरी फ्लशची कल्पना सदोष होती, असे म्हणता येणार नाही. दोन मापांचे तत्त्व निर्दोषच होते. त्याच्याबरोबर आलेल्या झडपेची देखभाल कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. एकोणिसाव्या शतकातील नियमकर्त्यांनी माणसाच्या दक्षतेवर विसंबण्याऐवजी यंत्राच्या रचनेवर विश्वास ठेवला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या वारसांनी मापावर लक्ष दिले व दक्षता गृहीत धरली. बचतीचा हिशेब यंत्र बसविण्याच्या दिवशी पूर्ण होत नाही. तो वॉशर झिजेल त्या दिवशी पुन्हा मांडावा लागतो.