परीक्षेतून पालक वजा करताना

अमेरिकेतल्या माध्यमिक शाळेच्या अकराव्या इयत्तेला तिथे ‘ज्युनिअर’ वर्ष म्हणतात. आपल्याकडे दहावी आणि बारावी यांच्यामध्ये सापडलेली अकरावी म्हणजे पुष्कळांच्या लेखी विसाव्याची जागा. तिथे सगळा ताण नेमका याच वर्षात येऊन साठतो. ऑक्टोबरात पीएसएटी, वसंतात एसएटी किंवा एसीटी, उन्हाळ्यात महाविद्यालयांच्या आवारांतून सहकुटुंब फेरफटके आणि पुढच्या शरदात अर्ज. या काळात आईबापांनी काय बोलावे, किती बोलावे आणि कुठे गप्प राहावे, यावर कपाटे भरतील एवढी उपदेशपर पुस्तके तिथे निघाली आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा मानस नाही. आम्हांला कुतूहल आहे ते इतिहासाचे. मुलाच्या परीक्षेत आईबापांना ही जागा मिळाली केव्हा? कारण ज्या परीक्षेपायी हा सारा खटाटोप चालतो, तिच्या सर्वांत प्रभावी पुरस्कर्त्यांनी ती पुढे केली होती ती उमेदवारावर त्याच्या बापाची सावली पडू नये म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा वेगळी, तिचा अभ्यासक्रम वेगळा. शाळांचे मुख्याध्यापक त्याने मेटाकुटीला आलेले. त्यावर उपाय म्हणून १९०० साली काही महाविद्यालयांनी मिळून एक प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन केले. हेच आजचे कॉलेज बोर्ड. जून १९०१ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली तेव्हा उमेदवार होते अवघे ९७३. लॅटिन, ग्रीक, गणित, इतिहास, इंग्रजी असे विषय आणि उत्तरे सविस्तर लिहायची. इंग्रजीसाठी महाविद्यालयांनी संगनमताने ठरवलेल्या ग्रंथांच्या याद्या असत. शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’, बर्कचे अमेरिकन वसाहतींशी सलोखा करण्याविषयीचे भाषण, ‘आयव्हॅन्हो’, ‘सायलस मार्नर’ ही नावे त्या वर्षांच्या याद्यांत सापडतात. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमांवरून ज्यांची नजर फिरली असेल त्यांना ही मंडळी अनोळखी वाटणार नाहीत. या व्यवस्थेत पालकांचे काम एकदाच आणि फार आधी होऊन जाई: लॅटिन शिकवणारी शाळा निवडणे आणि तिची फी भरणे. बहुसंख्य अमेरिकन बापांना ते परवडण्यासारखे नव्हतेच, आणि ज्यांना परवडे त्यांना पुढे फारशी चिंता उरत नसे. शाळेने वाट आखून दिलेली, मुलगा त्या वाटेने चालू लागे.

ही निश्चिंती मोडली ती उत्तीर्ण होणारी मुले ‘नको ती’ निघू लागल्यामुळे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले सरकारी शाळांतून शिकून परीक्षा सहज ओलांडू लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डमध्ये त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास गेले आणि अध्यक्ष लॉवेल अस्वस्थ झाले. त्या वर्षीपासून हार्वर्डच्या अर्जात नवे प्रश्न आले. धर्म कोणता, आईचे माहेरचे आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठला, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय, असल्यास खुलासा करा! याच दशकात मुलाखत, छायाचित्र, ‘चारित्र्य’ आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप ही सगळी सामग्री जमत गेली. महाविद्यालयाच्या अर्जात आईबाप ठळकपणे शिरले ते असे, काही संशयित म्हणून आणि काही जामीनदार म्हणून.

एसएटीचा जन्म याच दशकातला, आणि तोही निष्पाप नव्हे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सैनिकांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या घेतल्या. त्या कामातले एक मानसशास्त्रज्ञ, प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगम, यांनी १९२३ साली त्या आकड्यांवरून नॉर्डिक वंशाच्या श्रेष्ठत्वाचा सिद्धान्त मांडणारे पुस्तक लिहिले. मंडळाने नव्या चाचणीचे काम त्यांच्याकडेच सोपवले. २३ जून १९२६ रोजी आठ हजारांवर मुलामुलींनी ती दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. १९३० मध्ये ब्रिगम यांनीच आपले वंशविषयक निष्कर्ष निराधार असल्याचे छापून मान्य केले, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. तोवर चाचणी मात्र मार्गी लागली होती.

तिला ध्येयवाद चिकटवला तो जेम्स ब्रायंट कोनंट यांनी. १९३३ साली हार्वर्डचे अध्यक्ष झालेले कोनंट एका फोटो-एनग्रेव्हरचे चिरंजीव होते. वाडवडिलांच्या पुण्याईवर वर्गात बसणाऱ्यांबद्दल त्यांना ममत्व नव्हते. देशाच्या मध्यभागातल्या लहान गावांतून हुशार मुले निवडून आणण्यासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि निवडीचे साधन म्हणून हेन्री चॉन्सी या साहाय्यकाकरवी एसएटी स्वीकारली. लॅटिन न शिकलेल्या, बापाचे नाव कुणाला ठाऊक नसलेल्या मुलाच्या अंगचे गुण या चाचणीत दिसतील अशी त्यांची श्रद्धा होती. १९४३ साली लिहिलेल्या एका लेखात तर त्यांनी असा अमेरिकन जहालमतवादी हवा म्हटले, जो दर पिढीअखेर सारी खासगी मालमत्ता सनदशीर मार्गाने काढून घेण्याची मागणी करील. हार्वर्डच्या अध्यक्षाने असे लिहावे याची आज मौज वाटते. पण परीक्षेमागचा तर्क याहून वेगळा नव्हता: मालमत्ता काढून घेता येत नसेल, तर निदान तीन तासांपुरता बाप दाराबाहेर ठेवावा. १९४७ च्या डिसेंबरात एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था निघाली, चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि हा तर्क राष्ट्रव्यापी झाला.

इथे एका विस्मृत तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली तीसेक वर्षे एसएटीचे गुण ज्याचे त्याला कळतच नसत! ते शाळेकडे आणि महाविद्यालयाकडे जात; विद्यार्थ्याला ते सांगण्याची पद्धत सुरू झाली १९५८ च्या सुमारास. त्यापूर्वीच्या घराची आपण कल्पना करून पाहावी. मुलगा परीक्षा देऊन आला आहे, आणि निकाल नावाची वस्तू घरात येणारच नाही. शेजारणीला सांगायला आकडा नाही, चुलतभावाशी तुलना नाही, ‘तीस गुण कुठे गेले’ हा प्रश्न नाही. पालकांच्या धीर देण्यालाही आणि धाक घालण्यालाही त्यामुळे मूठच नव्हती. आकडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडला आणि मग घरातल्या संभाषणाची भाषा पालटली. हा बदल आम्हांला या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो, कोनंट यांच्या ध्येयवादाहूनही.

त्याच काळात दुसरा एक कागद टेबलावर येऊ लागला होता. १९५४ साली कॉलेज बोर्डाने आर्थिक मदतीची गरज ठरवण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याच्यासाठी पालकांनी आपले उत्पन्न, घर, कर्ज यांचे गोपनीय निवेदन भरून द्यायचे असे ठरले. म्हणजे एकाच मंडळाचा उजवा हात मुलाला बापापासून सोडवून मोजत होता आणि डावा हात बापाची मिळकत मोजत होता. दोन्ही आकडे अखेर त्याच घरात भेटले.

शिकवणीचा धंदा उभा राहिला तोही घरातच. ब्रुकलिनमध्ये स्टॅन्ली कॅप्लन नावाचा तरुण आपल्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात मुलांना शिकवी. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नाकारले होते, आणि आपण ज्यू आहोत आणि सरकारी महाविद्यालयातून आलो म्हणून ते घडले असे त्याचे मत होते. १९४६ मध्ये त्याच्याकडे एसएटीसाठी पहिली विद्यार्थिनी आली. ही चाचणी अंगभूत क्षमता मोजते, तिची तयारी करून घेता येत नाही, असे तिचे चालक ठामपणे सांगत. कॅप्लन परीक्षा देऊन आलेल्या मुलांकडून प्रश्न आठवून घेई आणि तशा प्रश्नांचा सराव करवून घेई. गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे येत ते कष्टकरी, स्थलांतरित आईबाप. ज्यांच्याकडे मुलाला द्यायला वारसा नव्हता, पण शिकवणीची फी साठवता येत होती. १९७९ साली फेडरल ट्रेड कमिशनने चौकशीअंती शिकवणीने गुण वाढतात असे म्हटले, आणि कॅप्लनच्या वर्गांवर उड्या पडल्या. वजा केलेला पालक असा शुल्काच्या रूपाने मांडणीत परतला. धंदा वाढला तशी गिऱ्हाइके बदलली. तळघरातल्या शिकवणीत गरिबाची जिद्द होती. पुढच्या दशकांत ताशी दर सांगून घरी येणारा शिक्षक ही श्रीमंत उपनगरांची गरज झाली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या परीक्षेच्या भाषाविभागाकडे पाहून काय वाटेल याचा आम्ही विचार करतो तेव्हा अमरकोश आठवतो. एसएटीच्या तयारीतल्या शब्दांच्या याद्या हा तसाच पाठांतराचा प्रकार होता. फरक असा की अमरकोशातला शब्द पुढे काव्यात भेटे. या यादीतला शब्द परीक्षेनंतर बहुधा कुठेच भेटत नसे. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले. ‘धावणारा आणि मॅरेथॉन, तसा नावाडी आणि काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘रिगाटा’, म्हणजे नौकांची शर्यत. ज्याच्या बापाने कधी नौकाक्लबाचे तोंड पाहिले नाही त्याने हे कसे ओळखावे, असा वाद त्यावर फार गाजला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी २००१ च्या भाषणात सांगितले की एका उच्चभ्रू खासगी शाळेत त्यांनी बारा वर्षांची मुले असल्या शब्दसंबंधांचा सराव करताना पाहिली. २००५ साली ते प्रश्नही काढून टाकले आणि त्यांच्या जागी पंचवीस मिनिटांत लिहायचा निबंध आला. एमआयटीचे लेस पेरलमन यांनी लगेच दाखवून दिले की जितका निबंध लांब तितके गुण जास्त, आणि त्यातली माहिती खोटी असली तरी बिघडत नाही. निबंध तपासून डोळे शिणलेल्या आमच्या शिक्षकमित्रांना हा शोध नवा वाटणार नाही. असो. २०२१ मध्ये तो निबंधही गेला.

या गोष्टीत मराठी माणूस येतो तो १९६५ च्या स्थलांतर-कायद्यानंतर. तिथे गेलेले डॉक्टर, अभियंते स्वतः परीक्षांच्या शिडीने वर चढलेले; गुणवत्ता यादी आणि टक्के हीच त्यांची ओळखीची भाषा. एसएटीचा आकडा त्यांना आपला वाटला यात नवल नाही. अवघड वाटले ते बाकीचे: मुलाने स्वतःविषयी लिहायचे निवेदन, खेळ, वाद्य, समाजसेवा, आणि ‘व्यक्तिमत्त्व’. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात सरासरीने कमी गुण मिळत असल्याची आकडेवारी मांडली गेली, तेव्हा १९२० च्या दशकातल्या ‘चारित्र्या’ची आठवण अनेकांना झाली. खालच्या न्यायालयाने जाणूनबुजून भेदभाव झाल्याचे मान्य केले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच रद्द केली.

आईबापांच्या आधाराचा मुलांवर काय परिणाम होतो याचा शोध घेणाऱ्यांत भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांचे काम मोलाचे आहे. सुखवस्तू उपनगरांतली मुले गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या तुलनेत निश्चिंत असतील या गृहीतकाला त्यांनी १९९० च्या दशकाअखेर धक्का दिला. नैराश्य, चिंता आणि व्यसने तिथे काही बाबतींत अधिकच आढळली. आईबाप आपल्या चांगुलपणापेक्षा आपल्या यशाला जास्त किंमत देतात असे ज्या मुलांना वाटे, त्यांचा त्रास अधिक होता. पालो आल्टो या सुशिक्षित गावात २००९ मध्ये आणि पुन्हा २०१४-१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी हाहाकार उडाला आणि २०१६ साली सरकारी आरोग्य-पथकाला तिथे यावे लागले. त्याचे खापर एका परीक्षेवर फोडणे खोटेपणाचे होईल. पण त्या गावातल्या आईबापांना स्वतःकडे पाहणे टाळता आले नाही.

मार्च २०१९ मध्ये प्रवेश-घोटाळा उघड झाला तेव्हा आरोपींत ३३ पालक होते. काहींनी पंधरा ते पंच्याहत्तर हजार डॉलर मोजून परीक्षा-केंद्रावरचा माणूस विकत घेतला होता. तो मुलांची उत्तरे मागाहून दुरुस्त करी. यांतल्या कित्येक मुलांना याचा पत्ताही नव्हता. आलेले गुण आपलेच, अशी त्यांची समजूत.

२०२० च्या साथीत परीक्षा-केंद्रे बंद पडली आणि बहुतेक महाविद्यालयांनी एसएटी ऐच्छिक केली. परीक्षेचा जाच गेला म्हणून अनेकांनी आनंद मानला. मग उरले काय, तर निवेदने, शिफारसी, छंद आणि ते घडवून देणारे सल्लागार; यांत तर पैशाला मोकळे रान. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासात असे दिसले की एसएटीचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना अतिप्रतिष्ठित महाविद्यालयांत जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. एमआयटीने २०२२ मध्येच परीक्षा पुन्हा सक्तीची केली होती. डार्टमथने २०२४ मध्ये तोच निर्णय घेताना दिलेले कारण वाचनीय आहे: ऐच्छिक काळात गरीब घरांतली काही मुले, ज्यांनी त्यांची निवड झाली असती असे गुणही कमी समजून कळवीतच नव्हती. आपला आकडा चांगला आहे हे त्यांना सांगणारे घरात कुणी नव्हते. हार्वर्डही त्याच वर्षी परतले.

मार्च २०२४ पासून अमेरिकेतली एसएटी संगणकावर होते. कालावधी दोन तास चौदा मिनिटे. वाचनासाठी आता दीर्घ उतारे नाहीत. पंचवीस ते दीडशे शब्दांचा एकेक तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न. १९०१ च्या उमेदवाराला बर्कचे अख्खे भाषण वाचून यावे लागे. गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि आईबापांना ते मुलालाच विचारावे लागतात.