प्रायोपवेशन

‘प्राय’ म्हणजे निघून जाणे. ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘इ’ हा जाण्याचा धातू, यांतून तो घडला. ‘उपवेशन’ म्हणजे बसणे. अन्नपाणी सोडून मरणाची वाट पाहत बसणे ते प्रायोपवेशन. सीतेचा ठाव लागेना, तेव्हा अंगद आणि त्याचे वानर समुद्रकाठी दर्भ अंथरून असेच बसले होते. ‘मृतप्राय’मधला ‘प्राय’ही याच घरचा; तिथे तो ‘जवळजवळ’ एवढाच उरला.

 फेब्रुवारी १९६६ मध्ये ८२ वर्षांच्या सावरकरांनी असेच अन्न आणि औषध थांबवले. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला भेद त्यांनी लेख लिहून आधीच मांडला होता.

आज सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे ‘मला कृत्रिम श्वासावर ठेवू नका’ असे आधीच लिहून ठेवता येते. २०२३ पासून त्यासाठी दंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. हे चांगलेच झाले, पण मला ते अपुरे वाटते. अन्ननलिकेच्या कर्करोगात शेवटी पाण्याचा घोटही उतरेनासा होऊ शकतो. अशा माणसाने आणखी काय सोडायचे? शुद्धीत राहून, विचार करून त्याने मरण मागितले, तर नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टर कायद्याने त्याला मदत करू शकतात. आपल्याकडे नळी काढता येते, इंजेक्शन देता येत नाही. शेवटचे ते आठवडे त्याने काढायचेच, असा हट्ट आपण कोणत्या अधिकाराने धरतो?